हॅन्लीचे बेथेस्दा चॅपेल : एका जुन्या मेथडिस्ट वास्तूच्या बांधकामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चॅपेल नेमके कुठे आहे?

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात, आज स्टोक-ऑन-ट्रेंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातील हॅन्ली या गावात. टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावे 1910 साली एकत्र आली आणि 1925 मध्ये त्यांना शहराचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी प्रत्येक गावाची स्वतंत्र बाजारपेठ, नगरभवन आणि स्वतंत्र अभिमान होता. कपबश्या, ताटे आणि चिनी मातीची भांडी घडवणाऱ्या या साऱ्या पट्ट्याला 'पॉटरीज' म्हणतात. चॅपेल आल्बियन स्ट्रीटवर हॅन्लीच्या नगरभवनाच्या परिसरात उभे आहे. शहराचे मोठे वस्तुसंग्रहालय ज्या रस्त्यावर आहे, त्या बेथेस्दा स्ट्रीटचे नावही याच चॅपेलवरून पडलेले आहे.

नावाचा अर्थ काय?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात यरुशलेममधील एका तळ्याचा उल्लेख येतो. त्याच्या काठी आजारी माणसे बरे होण्याच्या आशेने पडून असत. त्या तळ्याचे नाव बेथेस्दा असून त्याचा अर्थ सामान्यतः 'दयेचे घर' असा सांगितला जातो. इंग्लंडमधील चॅपेलांना संतांची नावे सहसा देत नसत. एबेनेझर, सियोन, बेथेल, बेथेस्दा अशी बायबलमधील स्थळनामे अधिक प्रिय होती, आणि नुसते नाव वाचूनही ती वास्तू राजमान्य चर्चची नाही हे लोकांच्या ध्यानात येई.

चॅपेल आणि चर्च यांत फरक तो काय?

आपल्याकडे ख्रिस्ती उपासनेच्या कोणत्याही वास्तूला सरसकट चर्च म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकाला पडणे साहजिक आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र हा फरक सामाजिक होता आणि तो रोजच्या जगण्यात जाणवत असे. 'चर्च' म्हणजे राजसत्तेशी जोडलेले अँग्लिकन चर्च. त्याला जमिनी, दशांश म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा कर, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची प्रतिष्ठा होती. त्या चौकटीबाहेर राहणारे बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल आणि पुढे मेथडिस्ट लोक जिथे जमत ती जागा 'चॅपेल'. चॅपेलला सरकारी जमीन नसे की जुनी देणगी नसे. जे उभे राही ते सभासदांच्या खिशातून आणि कर्जातून. बेथेस्दाच्या बांधकामातील जवळजवळ प्रत्येक निर्णयामागे ही वस्तुस्थिती आहे.

'मेथडिस्ट न्यू कनेक्शन' हा कोणता पंथ?

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली 1791 मध्ये वारले. हयात असेपर्यंत त्यांचा शब्द अखेरचा होता. त्यांच्या मागे मात्र कारभार प्रवचनकारांच्या परिषदेच्या हाती गेला, आणि सामान्य सभासदांना त्या परिषदेत जागाच नव्हती. अलेक्झांडर किलहॅम या प्रवचनकाराने याविरुद्ध लेखणी उचलली. सभासदांना प्रतिनिधित्व मिळावे, आणि प्रभुभोजनाचा संस्कार आपल्याच प्रवचनकारांच्या हातून आपल्याच चॅपेलमध्ये घेता यावा, अशा त्याच्या मागण्या होत्या. 1796 मध्ये परिषदेने त्याला काढून टाकले. पुढच्या वर्षी लीड्स येथील एबेनेझर चॅपेलमध्ये न्यू कनेक्शनची स्थापना झाली आणि सुमारे पाच हजार सभासद जुनी संघटना सोडून तिकडे गेले. नव्या पंथाच्या परिषदेत प्रवचनकार आणि सामान्य सभासद समान संख्येने बसत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीचा तो काळ असल्यामुळे अशा मागण्या करणाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाई.

हॅन्लीमध्ये या पंथाला जोरदार पाठिंबा मिळाला. भांडी घडवणारे कारागीर, छोटे कारखानदार आणि त्यांच्यातूनच वर आलेले मालक यांचे हे गाव होते, आणि आपल्या कामाचा निर्णय आपण घ्यावा ही सवय त्यांच्या अंगी मुरलेली होती. जॉब रिजवे हा कुंभकार-कारखानदार त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होता.

इमारत कोणत्या सालची मानावी? 1798, 1811, 1819, 1859 अशी निरनिराळी साले आढळतात.

ही साले एकमेकांना खोडत नाहीत, कारण प्रत्येक साल वेगळ्या टप्प्याचे आहे. गोंधळ होतो तो 'बांधले' हे एकच क्रियापद सर्वांना लावल्यामुळे.

फुटून निघालेल्या मंडळींनी पहिले चॅपेल 1798 मध्ये उघडले आणि त्यात सुमारे 600 माणसे बसत. ते अपुरे पडू लागले म्हणून 1811 मध्ये ते वाढवून सुमारे 1,000 जणांची सोय करण्यात आली. तेही पुरेना, तेव्हा 1819 मध्ये त्याच जागी नवे, प्रचंड चॅपेल बांधायला घेतले गेले आणि पुढच्या वर्षी ते उपासनेसाठी खुले झाले. त्यात सुमारे 2,500 माणसांची सोय होती. म्हणजे अवघ्या एकवीस-बावीस वर्षांत बसण्याची क्षमता चौपटीहून अधिक झाली. आज उभे असलेले मुख्य शरीर, म्हणजे भिंती आणि त्यांनी वेढलेले भव्य दालन, हे या 1819 च्या कामाचे आहे. 1859 हे साल फक्त दर्शनी भागाचे आहे. त्यामुळे एकच साल सांगायचे झाले तर 1819 सांगावे, आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या तोंडाविषयी बोलत असाल तर 1859.

एवढ्या मोठ्या वास्तूचा आराखडा कोणी केला?

1819 च्या इमारतीचा आराखडा जे. एच. पर्किन्स या स्थानिक शिक्षकाने केला. पेशाने तो वास्तुविशारद नव्हता. आज हे ऐकून आश्चर्य वाटते, परंतु त्या काळी चॅपेलचे विश्वस्त, गावातला गवंडी, सुतार आणि थोडीफार आखणी जाणणारा एखादा सुशिक्षित माणूस मिळूनच पुष्कळ चॅपेले उभी राहत. ब्रिटनमधील वास्तुविशारदांची संस्था 1834 मध्ये स्थापन झाली, म्हणजे हे चॅपेल उभे राहिले तेव्हा हा व्यवसाय अजून आकार घेत होता. माझ्या मते 'हौशी' हा शब्द इथे कमीपणा दाखवण्यासाठी वापरूच नये. अडीच हजार माणसांना सुरक्षित सामावून घेणारे आणि दोनशे वर्षे टिकलेले दालन आखणाऱ्या माणसाला आपण काय करतो आहोत हे नीट ठाऊक होते.

ध्वनिवर्धक नसताना अडीच हजार लोकांना प्रवचन ऐकू कसे जाई?

संपूर्ण इमारतीची रचनाच या प्रश्नाभोवती झालेली आहे. मध्ययुगीन चर्चमध्ये लांबट दालन असते, टोकाला वेदी असते आणि मध्ये दगडी खांबांच्या रांगा असतात. मिरवणूक आणि संस्कार यांसाठी ती मांडणी सोयीची, पण प्रवचन ऐकण्यासाठी वाईट. मेथडिस्टांच्या उपासनेत बोललेल्या शब्दाला आणि सर्वांनी मिळून गायलेल्या गीताला पहिले स्थान होते. म्हणून त्यांना हवे होते ते एकसंध, रुंद दालन, ज्यात कोणत्याही बाकावरून प्रवचनकाराचा चेहरा दिसेल.

जमिनीवर जागा वाढवत नेली तर मागची माणसे व्यासपीठापासून दूर जातात आणि आवाज पोचत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे माणसे एकावर एक बसवणे, आणि त्यासाठी गॅलरी. बेथेस्दामध्ये ही गॅलरी दालनाच्या सर्व बाजूंनी अखंड फिरते. ती पेलणारे खांब बिडाचे आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिडाचा खांब ही चॅपेल बांधणाऱ्यांसाठी मोठीच देणगी होती, कारण तेवढाच भार उचलणारा विटेचा किंवा दगडाचा खांब कितीतरी जाड झाला असता आणि त्याच्या मागे बसणाऱ्यांना फक्त खांबच दिसला असता. बीड दाबाचा भार उत्तम सोसते, म्हणून खांब बारीक ठेवता येतो आणि नजर अडत नाही.

व्यासपीठही त्यामुळेच उंच असते. खाली बाकांवर बसलेल्यांना मान वर करावी लागते आणि गॅलरीतल्यांना थोडी खाली झुकवावी लागते. प्रवचनकाराची उंची या दोहोंच्या मध्ये कुठेतरी साधावी लागते. अशा दालनात उभे राहिले की आपल्याला एखादे जुने नाट्यगृह आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण दोन्ही ठिकाणी सोडवायचा प्रश्न एकच होता.

वेस्ली अष्टकोनी इमारतींचा आग्रह धरत असत असे वाचले. मग हे चॅपेल अष्टकोनी का नाही?

वेस्लींनी 1757 मध्ये नॉर्विचचे अष्टकोनी सभागृह पाहून त्याचे कौतुक केले होते, आणि 1770 च्या परिषदेच्या कार्यवृत्तात जागा परवानगी देत असेल तेथे प्रवचनगृह अष्टकोनी बांधावे अशी सूचनाही आहे. यॉर्कशायरमधील हेप्टनस्टॉलचे 1764 चे अष्टकोनी चॅपेल त्याची साक्ष आहे. पण अष्टकोनाची एक अडचण होती. त्याचा व्यास वाढला की छप्पर अवघड आणि महाग होत जाते, आणि गर्दी वाढली तर अशी इमारत एका बाजूने वाढवता येत नाही. शे-पाचशे माणसांच्या गावी तो आकार शोभतो. हजारोंच्या औद्योगिक गावात आयताकृती दालन आणि भोवताली गॅलरी हाच व्यवहार्य मार्ग ठरला. शिवाय न्यू कनेक्शनचे लोक वेस्लींचा आदर करत असले तरी त्यांच्या नावाने काढलेल्या प्रत्येक सूचनेने बांधलेले नव्हते.

पुढची बाजू आणि बाजूच्या भिंती यांत इतका फरक कसा?

चाळीस वर्षांच्या अंतराने दोन निरनिराळ्या पिढ्यांनी त्या बांधल्या म्हणून. बाजूच्या भिंती 1819 च्या आहेत आणि त्यांत वीट उघडी दिसते. पुढचा भाग 1859 मध्ये रॉबर्ट स्क्रिव्हनर या हॅन्लीच्याच वास्तुविशारदाने इटालियन धाटणीत केला. खाली कॉरिंथियन स्तंभांची रांग असलेला प्रवेशमंडप आहे, वर मधोमध तीन भागांची खिडकी आहे जिचा मधला भाग कमानदार आणि उंच आहे, आणि सर्वांत वर भिंतीच्या पुढे झेपावणारी भारदस्त कॉर्निस आहे. हे सारे वरवर पाहता दगडी वाटते, पण ते गिलाव्याचे काम आहे.

या बदलाचे कारण समजून घेण्यासाठी त्या चाळीस वर्षांत गावाचे काय झाले ते पाहावे लागते. 1857 मध्ये हॅन्लीला नगरपालिकेचा दर्जा मिळाला, आणि तिचा पहिला महापौर झाला जॉन रिजवे. तो जॉबचा मुलगा, स्वतः मोठा कारखानदार, आणि न्यू कनेक्शनचा पुढारी. ज्यांच्या वडिलांना साठ वर्षांपूर्वी बंडखोर म्हणून बाहेर पडावे लागले होते तेच आता गावाचे कारभारी झाले होते. साध्या विटेच्या तोंडावर स्तंभ आणि कॉर्निस चढणे हा त्या वाढलेल्या प्रतिष्ठेचा दृश्य परिणाम आहे, असे मला वाटते. यात दिखाऊपणा होता असा आक्षेप घेता येईल. तरीही विश्वस्तांनी दालनाला हात न लावता फक्त दर्शनी भाग बदलला, हे विसरू नये. आतली बैठक उत्तम चालली होती आणि ती मोडण्याचे कारण नव्हते.

त्या काळी गॉथिक शैली जोरात होती. ती का घेतली नाही?

1850 नंतर वेस्लियन मेथडिस्टांत, म्हणजे वेस्लींच्या मूळ संघटनेतच राहिलेल्यांत, गॉथिकची ओढ निश्चित वाढली, आणि टोकदार कमानी व मनोरे असलेली त्यांची चॅपेले दुरून अँग्लिकन चर्चसारखीच दिसू लागली. हॅन्लीच्या मंडळींनी स्तंभांची अभिजात शैली निवडली. ज्या इमारतीचे आतले दालन रुंद आणि गॅलरीयुक्त आहे तिला गॉथिक मुखवटा चढवणे अवघड गेले असते. स्तंभ आणि सपाट कॉर्निस मात्र मागच्या चौकोनी शरीराशी सहज जुळतात. शिवाय नगरभवने, बँका आणि व्यापारी संकुले या शैलीत बांधली जात होती, आणि बेथेस्दाचे विश्वस्त त्याच जगातले होते.

पैसा कुठून आला?

वर्गणी, देणग्या, विश्वस्तांच्या नावावर काढलेले कर्ज आणि बाकभाडे यांतून अशी चॅपेले चालत. बाकभाडे म्हणजे कुटुंबाने ठरावीक बाक ठरावीक रकमेला राखून ठेवणे. गरिबांसाठी मोफत जागा असत, पण त्या बहुधा गैरसोयीच्या ठिकाणी. ही प्रथा आज खटकते, आणि खटकायलाच हवी. मात्र तिच्यामुळेच विश्वस्तांना उत्पन्नाचा अंदाज बांधता येई आणि एवढे कर्ज उचलण्याचे धैर्य होई. मालक आणि कामगार एकाच छपराखाली बसत, पण एकाच बाकावर नव्हे.

1859 नंतर बांधकामात काही बदल झाले का?

होय. 1864 मध्ये मँचेस्टरच्या कर्टलँड अँड जार्डिन या कारखान्याने घडवलेला ऑर्गन बसवण्यात आला, आणि 1887 मध्ये आतील भागाचे नूतनीकरण झाले. आज आत गेल्यावर डोळ्यांत भरणारी सजावट यामुळे बरीचशी उत्तर-व्हिक्टोरियन वळणाची आहे, तर तिला धरून ठेवणारी चौकट त्याहून पुष्कळ जुनी आहे.

'पॉटरीजचे कॅथेड्रल' हे नाव अधिकृत आहे का?

अजिबात नाही. कॅथेड्रल म्हणजे बिशपचे पीठ, आणि ब्रिटिश मेथडिस्टांत बिशपच नसतात. या भागाचे अँग्लिकन कॅथेड्रल लिचफील्ड येथे आहे. लोकांनी प्रेमाने आणि आकाराच्या दबदब्याने दिलेले हे नाव आहे. लंडनबाहेरील सर्वांत मोठ्या चॅपेलांपैकी हे एक असल्यामुळे ते शोभलेही.

महाराष्ट्राशी या पंथाचा काही संबंध पोचतो का?

चॅपेलचा थेट नाही, पंथाचा मात्र वळणावळणाने पोचतो. आपल्याकडे 'मुक्तिफौज' म्हणून परिचित असलेल्या संघटनेचे संस्थापक विल्यम बूथ हे आधी मेथडिस्ट न्यू कनेक्शनचे दीक्षित धर्मसेवक होते. एका जागी बसवून ठेवणारी शिस्त त्यांना मानवली नाही आणि 1861 मध्ये ते बाहेर पडले. त्यांच्या फौजेची पहिली तुकडी 1882 मध्ये मुंबईत उतरली. बाहेर पडून स्वतःची वाट काढण्याची जी सवय 1797 मध्ये या पंथाला जन्म देऊन गेली, तीच पुढे त्याच्या पोटातून आणखी एक चळवळ बाहेर काढून गेली.

एवढे मोठे चॅपेल बंद का पडले?

1907 मध्ये न्यू कनेक्शन आणखी दोन मेथडिस्ट पंथांबरोबर एकत्र आले आणि युनायटेड मेथडिस्ट चर्च झाले. 1932 मध्ये ते, वेस्लियन आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्ट अशा तिन्ही शाखा मिळून आजचे मेथडिस्ट चर्च घडले. एकीकरण आनंदाचे होते, पण त्याचा एक परिणाम इमारतींना भोवला. पूर्वी एकाच गावात तीन शाखांची तीन चॅपेले असत आणि प्रत्येकाची गरज असे. आता ती तिन्ही एकाच संस्थेची झाली आणि दोन जास्तीची ठरली. त्यात गावाच्या मध्यातील वस्ती उपनगरांकडे सरकली आणि उपासनेला येणारे घटले. 2,500 जणांच्या दालनात मोजकीच माणसे बसू लागली की छपराचा, ऊब देण्याचा आणि विम्याचा खर्च प्रत्येक डोक्यामागे अवाढव्य होतो. अखेर 1985 मध्ये बेथेस्दा बंद झाले.

बंद पडलेली इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा लवकर का ढासळते?

कारण कोणीच पाहत नाही. पन्हळीत पाने साठतात, पाणी भिंतीच्या माथ्यावर तुंबते आणि छप्पर पेलणाऱ्या लाकडी चौकटींची, म्हणजे कैच्यांची, टोके जिथे भिंतीत बसलेली असतात नेमके तिथे मुरते. वरून सारे ठीक दिसत असते. आत मात्र ओल धरलेल्या लाकडाला बुरशी लागते आणि ज्या टोकावर छपराचा भार उतरतो तेच टोक पोकळ होते. पूर्वी दर रविवारी कोणीतरी वर मान करून छतावरचा नवा डाग पाहत असे आणि सोमवारी गवंड्याला बोलावणे जाई. ही साधी देखरेख थांबली की दहा-पंधरा वर्षांत लाखोंचे नुकसान होते. म्हणूनच अशा वास्तूंची दुरुस्ती नेहमी छपरापासून आणि पन्हळींपासून सुरू होते, रंगरंगोटीपासून नव्हे.

मग ते पाडले कसे गेले नाही?

ते संरक्षित वास्तूंच्या सूचीत 'श्रेणी दोन, तारांकित' या वर्गात आहे. इंग्लंडमधील सूचीबद्ध वास्तूंपैकी जेमतेम सहा टक्के या वर्गात मोडतात, आणि त्यावरच्या पहिल्या श्रेणीत सुमारे अडीच टक्के. उपासना चालू असताना चर्चसंस्थांना सूचीच्या नियमांतून काही सूट मिळते. उपासना थांबली की ती सूट संपते आणि प्रत्येक फेरफारासाठी रीतसर परवानगी लागते. 2002 मध्ये हिस्टॉरिक चॅपेल्स ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने बेथेस्दा ताब्यात घेतले आणि टप्प्याटप्प्याने दुरुस्ती हाती घेतली. ही संस्था 1993 मध्ये नेमकी अँग्लिकन नसलेल्या बंद प्रार्थनास्थळांसाठी स्थापन झाली होती.

दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेचे काय झाले?

बीबीसीच्या 2003 मधील 'रिस्टोरेशन' या कार्यक्रमात धोक्यातील वास्तूंसाठी प्रेक्षक मत देत आणि विजेत्या वास्तूला निधी मिळे. बेथेस्दा अंतिम फेरीपर्यंत पोचले, पण पहिला क्रमांक मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्सला मिळाला. तरीही हॅन्लीबाहेरच्या असंख्य लोकांनी हे दालन पहिल्यांदा पाहिले ते तेव्हाच.

अशा चॅपेलचा इतिहास शोधायचा असेल तर कोणती कागदपत्रे पाहावीत?

विश्वस्तपत्र सर्वांत आधी पाहावे. त्यात जमीन, हद्द आणि विश्वस्तांचे व्यवसाय लिहिलेले असतात आणि ते व्यवसायच मंडळीची सामाजिक ओळख पटवतात. त्यानंतर विश्वस्तांच्या बैठकींची कार्यवृत्ते, बाकभाड्याच्या वह्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी. 30 मार्च 1851 च्या रविवारी इंग्लंड-वेल्समध्ये प्रार्थनास्थळांची एकमेव सरकारी गणना झाली. तिच्या तक्त्यांत आसने आणि उपस्थिती दोन्ही सापडतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे जुने मोठ्या प्रमाणावरचे नकाशे एकापाशी एक ठेवले तर वाढीव बांधकाम कधी झाले हेही उमगते. कोनशिलेवर मात्र एकटीवर विसंबू नये, कारण दर्शनी भाग बदलताना ती हलवली जाऊ शकते.

प्रत्यक्ष भेट दिली तर पाहायला सुरुवात कुठून करावी?

स्तंभांसमोर उभे राहून नव्हे, तर कोपऱ्यावरून. जिथे 1859 चा गिलावा संपतो आणि 1819 ची वीट सुरू होते तिथे थांबावे. वीट फ्लेमिश पद्धतीने रचलेली आहे. एका थरात एका विटेची लांब बाजू बाहेर, पुढचीचे आखूड तोंड बाहेर, पुन्हा लांब, पुन्हा आखूड, आणि वरच्या थरात आखूड तोंड खालच्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर येईल असे. त्यामुळे सगळी भिंत चौकडीच्या कापडासारखी दिसते. आखूड तोंडाची वीट भिंतीत आडवी घुसून पुढचा आणि मागचा पापुद्रा एकमेकांना बांधते, म्हणून ही रचना देखणी आणि मजबूत आहे, पण तिला वेळ आणि निवडक वीट लागते. रस्त्यावरून सहसा न दिसणाऱ्या बाजूलाही हॅन्लीच्या गवंड्यांनी ती शेवटच्या थरापर्यंत सांभाळली आहे.